आलेखामागचा हिशेब दाखवा

समाजशास्त्र, शेती, परिचर्या, शिक्षणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना ‘आर’सारख्या भाषेत ओळी लिहून आलेख काढायला शिकवणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं, हे मत अलीकडे पुन्हा जोर धरू लागलं आहे. अभ्यासक्रम नव्याने बांधले जात आहेत, एकेका क्रेडिटसाठी ओढाताण चालू आहे. कात्री लावायचीच तर आधी याच प्रात्यक्षिकाला लावा, असं म्हणणारे प्राध्यापक आणि मार्गदर्शक मला जागोजागी भेटतात. त्यांतले बरेचजण मनापासून शिकवणारे आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. एक्सेलमध्ये आकडे निवडले, बटण दाबलं की आलेख तयार होतो. त्यासाठी वीस ओळी कशाला लिहायच्या? आलेख हा अहवालाचा शेवटचा भाग, खरं काम त्याआधीच झालेलं असतं. आमची मुलं मराठी माध्यमातली, कोड पाहिला की बिचकतात. आणि आता तर एआयला सांगितलं की ते हवा तसा आलेख काढून देतं.

मला यातलं काहीच पटत नाही. आलेख किती लवकर निघतो किंवा किती देखणा दिसतो, यावर हा वाद मिटणार नाही. छापलेल्या आलेखावर बोट ठेवून कुणी विचारलं, ‘हा कसा आला?’, तर काढणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. कोणत्या नोंदी घेतल्या, कोणत्या गाळल्या, सरासरी कशाची काढली, अक्ष कुठून सुरू केला, हे सगळं त्या उत्तरात यायला हवं. माउसने काढलेल्या आलेखाबाबत सहा महिन्यांनी हे सांगणं बहुतेक वेळा खुद्द काढणाऱ्यालाही जमत नाही. ओळी लिहून काढलेला असेल तर उत्तर त्या ओळींतच असतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

आलेख ही शेवटची सजावट, या समजुतीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे आक्षेप तिच्यातूनच निघतात.

2010 साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी ‘ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट’ हा निबंध प्रसिद्ध केला. वीस विकसित देशांची 1946 ते 2009 पर्यंतची आकडेवारी त्यांनी घेतली. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के आहे यावरून चार गट केले : तीस टक्क्यांच्या आत, तीस ते साठ, साठ ते नव्वद आणि नव्वदच्या वर. प्रत्येक गटातली वाढीची सरासरी स्तंभालेखात दाखवली. पहिले तीन स्तंभ बऱ्यापैकी उंच होते. चौथ्या गटाची सरासरी मात्र उणे 0.1 टक्का आली होती. कर्जाने नव्वदी ओलांडली की वाढ कोसळते, असा अर्थ त्यातून काढला गेला. 2008 च्या मंदीतून बाहेर पडण्यासाठी खर्च करावा की काटकसर, असा वाद तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात पेटला होता. काटकसरवाल्यांच्या हाती हा निबंध आयता सापडला.

थॉमस हर्नडन हा ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी. वर्गात काम दिलं होतं की एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्याचे निष्कर्ष मूळ आकड्यांवरून पुन्हा काढून दाखवा. त्याने हा निबंध निवडला, आणि काही केल्या आकडे जुळेनात. शेवटी त्याने लेखकांकडे त्यांची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. हा त्यांचा मोठेपणा, आणि तो नोंदवलाच पाहिजे. ती एक्सेलची फाइल होती. सरासरीचं सूत्र ओळ क्रमांक 30 ते 49 वर लागायला हवं होतं; ते 30 ते 44 वर लागलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले होते. देश अकारविल्हे लावले होते, म्हणून यादीच्या एका टोकाचे नेमके हे पाच.

ही गोष्ट सांगताना लोक सहसा इथेच थांबतात. खरं तर त्या सूत्राने केलेला घोटाळा लहान होता, सुमारे 0.3 टक्क्यांचा. मोठा फरक पडला तो दुसऱ्या दोन निर्णयांमुळे. एक म्हणजे न्यूझीलंडची 1946 ते 1949 ही वर्षं हिशेबात आली नव्हती, आणि ती जास्त कर्जाची असूनही एकंदरीने चांगल्या वाढीची होती. दुसरा निर्णय सरासरीच्या पद्धतीचा. वर्षं कितीही असोत, प्रत्येक देशाला गटात एकच मत. ब्रिटन एकोणीस वर्षं नव्वदीच्या वर होता आणि त्या काळात त्याची सरासरी वाढ 2.4 टक्के होती. न्यूझीलंडचं त्या गटात 1951 हे एकच वर्ष राहिलं होतं, उणे 7.6 टक्क्यांचं. एकोणीस वर्षं आणि एक वर्ष यांना सारखंच वजन मिळालं. हर्नडनने आपले शिक्षक मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्याबरोबर 2013 मध्ये फेरहिशेब मांडला, तेव्हा चौथ्या गटाची सरासरी 2.2 टक्के निघाली. सूत्राची चूक मूळ लेखकांनी मान्य केली. वजनाच्या पद्धतीवर ते ठाम राहिले.

आता यातला आलेखाचा भाग पाहा. मूळ निबंधात चार स्तंभ होते. हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांनी आरमध्ये काम केलं, आकडे आणि ओळी दोन्ही जगासमोर ठेवल्या, आणि सगळी देश-वर्षं ठिपक्यांनी मांडली. अकराशेहून अधिक ठिपके. आडव्या अक्षावर कर्ज, उभ्या अक्षावर वाढ. त्या ढगातून सरासरीची वाकती रेषा काढली. नव्वदीवर कडा कोसळलेला कुठेच दिसत नाही. कर्ज वाढतं तशी वाढ हळूहळू कमी होताना दिसते, आणि नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे ठिपके इतके विखुरलेले आहेत की कुठल्याही एका आकड्याला उंबरठा म्हणणं कठीण व्हावं. न्यूझीलंडचं 1951 हे वर्ष त्या ठिपक्यांत खूप खाली पडलेलं आहे. तो ठिपका पहिल्याच दिवशी कुणी पाहिला असता तर ‘हे काय आहे?’ हा प्रश्न तिथेच आला असता. स्तंभांनी तो गिळला.

म्हणून आलेख हा तपासाचा पहिला टप्पा आहे. फ्रँक अँस्कोम यांनी 1973 मध्ये हेच चार छोट्या तक्त्यांनी दाखवलं होतं. प्रत्येक तक्त्यात अकरा जोड्या, सरासऱ्या सारख्या, सहसंबंध चारही ठिकाणी 0.816 च्या आसपास, समाश्रयण रेषाही तीच. आलेख काढला की चार निराळी चित्रं दिसतात : एकात सरळ कल, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एकच भरकटलेला बिंदू, चौथ्यात एका बिंदूवर तोललेली सगळी रेषा. हे तक्ते आरमध्ये आयते येतात. नाव टाइप करा, समोर हजर. ज्या विद्यार्थ्याने ते स्वतः काढून पाहिले, त्याला आलेखाआधी विश्लेषण संपतं असं पुन्हा कुणी पटवून देऊ शकत नाही.

आता एक्सेलच्या सोयीबद्दल. माझं एक्सेलशी वैर नाही. नोंदी भरायला, वर्गणीचा हिशेब ठेवायला, ग्रामसभेत लावायचा एखादा साधा तक्ता करायला ते उत्तम आहे. आक्षेप त्याच्या मुकेपणाला आहे. ते आपल्या वतीने निर्णय घेतं आणि तसं सांगत नाही. सरासरी काढताना रिकाम्या चौकटी ते निमूट वगळतं. दोनशे घरांच्या पाहणीत साठ घरांनी उत्पन्न सांगितलंच नसेल, तरी सरासरी येते आणि ती दोनशे घरांची असल्यासारखी आलेखात जाऊन बसते. आर इथे अडून बसतं. एकही नोंद गहाळ असेल तर सरासरीच्या जागी ‘एनए’ एवढंच लिहून येतं. पुढे जायचं तर गहाळ नोंदी वगळा असं लेखी सांगावं लागतं. विद्यार्थी सुरुवातीला यावर वैतागतात. पण त्या वैतागातच त्यांना पहिल्यांदा कळतं की साठ घरांनी उत्तर दिलेलं नाही.

स्तंभालेखाचा अक्ष घ्या. स्तंभाची उंची म्हणजेच मूल्य, त्यामुळे तो शून्यापासूनच निघायला हवा. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल उभा अक्ष आपणहून वरून सुरू करतं. 92 आणि 96 टक्के निकालाच्या दोन शाळा मग अशा दिसतात की एक दुसरीच्या दुप्पट वाटावी. आरमधल्या ‘जीजीप्लॉट’ या पॅकेजात स्तंभ शून्यापासूनच निघतात. अक्षाची मर्यादा हट्टाने 90 ते 100 ठेवली तर स्तंभच गायब होतात आणि खाली सूचना येते की इतक्या ओळी मर्यादेबाहेर म्हणून काढून टाकल्या. कारण प्रत्येक स्तंभाचा पाया शून्यावर आहे आणि शून्य तुम्ही अक्षाबाहेर टाकलं आहे. तरीही अक्ष कापायचा असेल तर कापता येतो, त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. पण ती लिहावी लागते. लिहिली की ती त्या फाइलमध्ये राहते, आणि परीक्षकाने फाइल उघडली तर त्याला दिसते.

ही ‘ओळी काढून टाकल्या’ची सूचना मी वर्गात मुद्दाम दाखवतो. समजा, गावातल्या घरांच्या कर्जाचा बॉक्सप्लॉट काढला. काही घरांची कर्जं मोठी, त्यामुळे बाकीचे खोके अक्षाच्या तळाशी चेपले गेले. विद्यार्थी म्हणतो, अक्ष दोन लाखांवर थांबवू, म्हणजे नीट दिसेल. त्याने मर्यादा घातली, चित्र सुरेख झालं. पण जीजीप्लॉटमध्ये अशी मर्यादा घातली की बाहेरच्या नोंदी आधी गळतात आणि मग मध्यक काढला जातो. सर्वांत जास्त कर्जबाजारी घरं हिशेबातूनच गेली, मध्यक खाली आला, आणि गाव होतं त्यापेक्षा सुखी दिसू लागलं. खाली सूचना उभी असते : अमुक इतक्या ओळी काढल्या. नुसतं जवळून पाहायचं असेल तर निर्देशकांची आज्ञा वापरायची. मग नोंदी शाबूत राहतात आणि फक्त खिडकी लहान होते. या दोन आज्ञांत फरक जेमतेम एका शब्दाचा. तो शब्द कोणता वापरला हे कागदावर असल्यामुळेच मार्गदर्शकाला विचारता येतं, आणि विद्यार्थ्याला सुधारता येतं.

कुणी म्हणेल, याचा अर्थ आरमध्येही फसायला जागा आहे. आहेच. ओळी लिहिल्याने माणूस शहाणा किंवा प्रामाणिक होतो असा माझा दावा नाही. पण ओळींतली चूक दुसऱ्याला सापडते. सापडली की ती एका जागी दुरुस्त होते आणि त्यावर अवलंबून असलेले सगळे आलेख नव्याने निघतात. हर्नडनच्या हिशेबावरही नंतर पुष्कळ चर्चा झाली, कारण त्याच्या ओळी कुणालाही उतरवून घेऊन चालवता येत होत्या.

वेळेचा मुद्दा मला तर उलटाच वाटतो. पहिला आलेख काढायला ओळींनी जास्त वेळ लागतो, हे खरं. पण प्रबंधात एकच आलेख कधी असतो? महाराष्ट्राच्या पावसाचं उदाहरण घ्या. राज्याची एक सरासरी काढून एक रेषा दाखवली तर तिचा उपयोग शून्य, कारण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मराठवाड्यात सातशे-आठशे. हवामान खातं कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग करतं ते याचसाठी. जिल्हावार पाहायचं तर छत्तीस आलेख लागतात, तेही एकाच मापाचे, म्हणजे शेजारी ठेवून तुलना करता येईल असे. माउसने छत्तीस आलेख काढून प्रत्येकाचा अक्ष हाताने जुळवायचा म्हटलं तर दिवस जातो, आणि एखाद-दुसरा चुकतोच. जीजीप्लॉटमध्ये जिल्ह्यानुसार खण पाडा, एवढी एक ओळ वाढवायची. मग कळतं की एका केंद्राची दोन वर्षांची नोंद इंचात भरली गेली होती. ती दुरुस्त करून ओळी पुन्हा चालवल्या की छत्तीसही आलेख नवे. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मार्गदर्शकाने ‘हे दोन प्रश्न वगळून सगळे आलेख पुन्हा काढ’ असं सांगितल्यावर रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती सगळी माउसवाली होती.

जीजीप्लॉटचं नाव सारखं घेतो आहे, तर त्यामागचा विचारही सांगतो, कारण ‘नुसतं टूल शिकवता’ या आरोपाचं उत्तर त्यात आहे. लीलंड विल्किन्सन या संख्याशास्त्रज्ञाने 1999 मध्ये ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ हे पुस्तक लिहिलं. स्तंभालेख, वर्तुळालेख, रेषालेख अशी तयार साच्यांची यादी करण्याऐवजी आलेख कोणत्या घटकांनी बनतो याचं व्याकरण त्यांनी मांडलं. हॅडली विकम या न्यूझीलंडच्या तरुण संशोधकाने त्यावर आरसाठी पॅकेज बांधलं. त्यात आलेख लिहायचा म्हणजे क्रमाने सांगायचं असतं : आकडे हे, आडव्या अक्षावर हे चल, उभ्यावर ते, रंग गावानुसार, खूण ठिपक्याची, वर सरासरीची रेषा, खण जिल्ह्यानुसार. यातलं प्रत्येक वाक्य विद्यार्थ्याला विचार करायला लावतं. रंग गावानुसार का, जातीनुसार का नाही? सरासरीच का, मध्यक का नाही? हिस्टोग्राम काढला तर पॅकेज आपण होऊन तीस खण पाडतं आणि लगेच सांगतं की तीस ही संख्या मी धरली आहे, तुमच्या आकड्यांना साजेशी रुंदी तुम्ही ठरवा. चांगला शिक्षक याहून वेगळं काय सांगतो?

शेतीच्या प्रबंधांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे आकड्यांचं काम सर्वांत जास्त तिथे होतं आणि सर्वांत कंजूष आलेखही तिथेच निघतात. आपल्या कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत ‘पानसे आणि सुखात्मे’ हा संदर्भ हटकून असतो. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनी शेतीच्या प्रयोगांसाठी लिहिलेलं ते संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1954 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात हिशेब पायरीपायरीने मांडलेले आहेत. वाचणाऱ्याला पेन्सिल घेऊन प्रत्येक बेरीज पडताळता यावी, अशी ती शिस्त. आज त्याच पुस्तकाचा हवाला देऊन आरबीडीचा, म्हणजे यादृच्छिक गट रचनेचा, प्रयोग मांडला जातो, दहा ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, म्हणजे तीस प्लॉट. आणि आलेखात काय येतं? त्रिमितीतले दहा रंगीत खांब. मागचा खांब पुढच्याआड, उंची वाचायला काटकोन मिळत नाही, आणि तीस प्लॉटांपैकी एकही दिसत नाही. सीडीचा, म्हणजे क्रांतिक फरकाचा, आकडा तक्त्यात कुठेतरी असतो, चित्रात त्याचा मागमूस नसतो.

तेच तीस ठिपके काढा. आडव्या अक्षावर ट्रीटमेंट, उभ्यावर सोयाबीनचं उत्पादन, क्विंटल प्रति हेक्टर, आणि रंग रेप्लिकेशनप्रमाणे. समजा, तिसऱ्या रेप्लिकेशनचे ठिपके दहाही ट्रीटमेंटमध्ये खाली दिसले. तो पट्टा ओढ्याकडेचा असेल, पाणी साचत असेल. समजा, सातव्या ट्रीटमेंटचे दोन ठिपके वर आणि एक अगदी तळाला. त्या प्लॉटमध्ये रानडुकरं शिरली होती का, की नोंदवहीत दशांशचिन्ह सरकलं? हे प्रश्न शेतावर जाऊन सोडवता येतात, पण आधी दिसायला तर हवेत. शिफारस शेतकऱ्याच्या बांधावर जाते. तीन ठिपक्यांतला एक आभाळात असल्यामुळे सरासरी उंच झालेली ट्रीटमेंट त्याने पैसे घालून वापरायची, आणि आम्ही खांबांना रंग देत बसायचं, हे मला सहन होत नाही.

मराठी माध्यमाची मुलं बिचकतात, हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. जी मुलं पाणिनीच्या सूत्रांपासून मोडी लिपीपर्यंत काय काय शिकतात, त्यांना पंचवीस-तीस इंग्रजी आज्ञा झेपणार नाहीत, हे ठरवलं कुणी? बिचकतात ती लाल अक्षरांतल्या एरर मेसेजला. तो मोठ्याने वाचून दाखवला, त्यातला स्वल्पविराम कुठे राहिला ते एकदा शोधायला लावलं की भीती मोडते. ज्यांचं गणित कच्चं समजलं जायचं अशा मुली यात पुढे गेलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण संगणक ‘तुला काय कळतंय’ असं म्हणत नाही. चुकलं की पुन्हा करू देतो.

मराठीचा खरा अडथळा वेगळाच आहे, आणि तो सोडवण्याजोगा आहे. आरच्या नेहमीच्या पीडीएफ पद्धतीने आलेख जतन केला की देवनागरी मोडते. ‘सिंधुदुर्ग’मधली पहिली वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसते, ‘रत्नागिरी’तला ‘त’ पाय मोडून सुटा उभा राहतो. विद्यार्थी हिरमुसतो आणि सगळी नावं इंग्रजीत टाकतो. इथे शिक्षकाला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात. अक्षरं जुळवणारी यंत्रणा असलेल्या ‘रॅग’ पॅकेजातून चित्र जतन करायचं, किंवा पीडीएफच हवं तर ‘कैरो’च्या मार्गाने काढायचं, आणि फाँट नीट निवडायचा. ‘मुक्ता’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’चा देवनागरी फाँट मोफत मिळतो आणि आलेखात छान वाचता येतो. ही दोन वाक्यं प्रात्यक्षिकाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिली तर मराठी प्रबंधांत मराठी आलेख दिसू लागतील. मुलांना मराठीचं कारण सांगून यातून वगळायचं, आणि मराठीत आलेख कसा काढायचा हेही शिकवायचं नाही, हा दुहेरी अन्याय आहे.

पैशाचा मुद्दा एका परिच्छेदात संपवतो. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात शिकवण्याच्या सोयीसाठी आर लिहायला घेतलं, आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी त्याची 1.0.0 ही आवृत्ती बाहेर पडली. तेव्हापासून आजवर ते मोफत आहे, सोर्स कोडसकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने त्याचे धडे विनामूल्य ठेवले आहेत. त्याउलट अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत महागड्या पॅकेजांच्या चोरून बसवलेल्या प्रती चालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. संशोधनाची नीतिमत्ता शिकवणाऱ्या विभागात हे चालू नये.

राहिला एआयचा युक्तिवाद. तो ताजा आहे म्हणून वजनदार वाटतो. चॅटच्या खिडकीत फाइल टाका, ‘आलेख काढ’ म्हणा, आलेख येतो. पण ती साधनं पडद्याआड बहुतेक वेळा पायथनच्या किंवा आरच्या ओळीच लिहितात आणि चालवतात. गहाळ नोंदींचं काय करायचं, सरासरी कशाची, अक्ष कुठून, हे सगळे निर्णय त्या ओळींत घेतलेले असतात. ज्याला त्या वाचता येतात त्याला हे साधन मोलाचं आहे. तो दहा मिनिटांचं काम एका मिनिटात करील, मग ओळी तपासून दोन बदल करील. ज्याला वाचता येत नाहीत तो कोऱ्या कागदावर सही करतो आहे. प्रबंधावर नाव त्याचं, चुकीची जबाबदारीही त्याचीच. ओळी लिहायचा त्रास एआयने कमी केला हे मला मान्य आहे. त्यामुळे वाचायची गरज मात्र वाढली आहे, आणि वाचायला शिकायचा रस्ता थोडंफार लिहिण्यातूनच जातो.

एक्सेलच्या मुकेपणाची किंमत किती मोठी असू शकते, यासाठी इंग्लंडमध्ये 2020 च्या ऑक्टोबरात काय झालं ते सांगून हा युक्तिवाद आवरतो. करोनाच्या बाधितांच्या याद्या प्रयोगशाळांकडून येत होत्या आणि त्या जुन्या एक्सेल फाइलींत उतरवल्या जात होत्या. त्या जुन्या प्रकारच्या फाइलीत 65,536 हून जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप गळल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातले 15,841 बाधित आकड्यांत आलेच नाहीत. रोजच्या आलेखात रेषा त्या दिवसांत बरी दिसत होती आणि मग एकाएकी उसळली. 4 ऑक्टोबरला एका दिवसाचा आकडा 22,961 दाखवावा लागला. मधल्या काळात त्या हजारो लोकांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला. आलेख काढणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. आकडे आले किती आणि आलेखात पोचले किती, हे मोजून अडवणारी एक ओळ त्या वाटेवर नव्हती. आरमध्ये ती ओळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिहिता येते : आलेल्या नोंदी आणि मांडलेल्या नोंदी सारख्या नसतील तर थांब.

अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की हे प्रात्यक्षिक काढू नका. हवं तर त्यातल्या फाफटपसाऱ्याला कात्री लावा. पंधरा प्रकारचे आलेख शिकवायची गरज नाही. ठिपके, रेषा, स्तंभ, बॉक्सप्लॉट आणि खण पाडणं एवढं पुरे आहे. त्याऐवजी एक नियम घाला : प्रबंधातल्या प्रत्येक आलेखाबरोबर मूळ आकड्यांची फाइल आणि तो काढणाऱ्या ओळी जमा झाल्या पाहिजेत. माणसांची पाहणी असेल तर नावं-पत्ते काढून टाकलेली फाइल घ्या. तोंडी परीक्षेला परीक्षकाने त्यातला कोणताही एक आलेख निवडावा आणि विभागातल्या संगणकावर विद्यार्थ्याकडून पुन्हा काढून घ्यावा. जुळला तर गुण द्यावेत. जुळला नाही तर तो आलेख प्रबंधातून काढून टाकायला सांगावा.